गायरानावरची चौकट : एमएस्सी प्रकल्पाच्या नोंदी

११ जून २०२५
प्रकल्पाचा विषय आज विभागात मंजूर झाला. बारामती तालुक्यातल्या एका गावचं गायरान, त्यावरच्या गवताळ परिसंस्थेचं पुनरुज्जीवन आणि चराईचं व्यवस्थापन. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "तिथे पुनरुज्जीवन करायला जंगल कुठे आहे?" जंगल नव्हतंच, आणि पुढच्या वर्षभराचं काम नेमकं तेच दाखवायचं आहे. वर्षाला साधारण चारपाचशे मिलिमीटर पाऊस, वीतभर माती, खाली मुरूम. अशा जमिनीवर हजारो वर्षं टिकलेली व्यवस्था म्हणजे गवत, अधूनमधून हिवर, बाभूळ, बोर आणि त्यावर चरणारी जनावरं. जंगल तुटून उरलेली ही जागा नाही. दख्खनच्या पर्जन्यछायेतला हा मूळचाच माळ आहे.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या कामाची यादी दिली : नकाशा, जुन्या लोकांशी बोलणं, मग चौकटी, म्हणजे जमिनीचे ठरावीक तुकडे आखून त्यांतलं गवत मोजणं. यंत्रं सगळ्यात शेवटी. त्यांनी स्वतः पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम केलेला आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. आधी जमीन वाचायची, मग तिला हात लावायचा, ही शिस्त मॅडम तिथूनच घेऊन आल्या असं त्या सांगतात.

१९ जून
यंदा पावसाने मे महिन्यातच बारामती, दौंड, इंदापूर झोडपून काढलं. त्यामुळे एरवी जूनअखेर दिसणारी हिरवळ आत्ताच आहे. गायरान पूर्ण पायी फिरले आणि तीन भाग पाडले.

'अ' भाग म्हणजे टेकाडाचा माथा आणि दक्षिण उतार. इथे कधी खोदकाम झालेलं नाही. गवताचे जुने ठोंब, मध्ये दगड, दूरदूर हिवराची झाडं. 'ब' भागात काही वर्षांपूर्वी एका योजनेतून पाणी अडवायला सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खड्डे, खोदले आणि बांधावर उंदीरमारी लावली, म्हणजे ग्लिरिसिडिया. 'क' भाग गावालगतचा. रोजची जनावरं तिथूनच ये-जा करतात. जमीन उघडी पडली आहे, तरवड तेवढा तग धरून आहे.

'ब' भागात चराच्या कडेने चाललं की दोन गोष्टी लक्षात येतात. खोदताना वर आलेला मुरूम अजून तसाच पांढरट पडून आहे, त्यावर ठोंब धरणारं एकही गवत नाही. आणि उंदीरमारीच्या सावलीत टाकळा आणि गाजरगवत माजलंय. उंदीरमारी हे झाड मध्य अमेरिकेतलं. वाढतं झपाट्याने, हवेतलं नत्र मातीत आणतं, तोडलं तरी फुटतं. 'उजाड' डोंगर हिरवे करायचे म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ते सरसकट लावलं गेलं. पण माळावरच्या गवताला हलकी, नत्र कमी असलेली माती आणि भरपूर ऊन लागतं. ही दोन्ही काढून घेतली की त्याची जागा तण घेतं.

२ जुलै
पालखी पुढे गेली, रस्ते मोकळे झाले, म्हणून आजपासून चौकटी मांडायला सुरुवात केली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, पीव्हीसीच्या नळीची चौकट. ती जमिनीवर ठेवायची, आत कोणतं गवत, किती टक्के जमीन झाकलेली, किती उघडी, उंची किती, हे लिहायचं. फुलोरा येण्याआधी गवत ओळखणं अवघड असतं. पानाच्या आणि देठाच्या सांध्यावरची बारीक लव, ठोंबाचा रंग, चुरगळल्यावर येणारा वास यावर काम भागवावं लागतं.

'अ' भागात आतापर्यंत ओळख पटलेली : शेडा, कुसळी, मारवेल, डोंगरी. हे बघून बरं वाटलं. भारतातल्या गवताळ प्रदेशांचं जे वर्गीकरण दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये मांडलं, त्यात द्वीपकल्पाचा बराच भाग 'सेहिमा-डायकँथियम' या प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे आपला शेडा, डायकँथियम म्हणजे मारवेल. म्हणजे या टेकाडावर त्या प्रकाराची मूळची जोडी अजून शाबूत आहे. 'क' भागात मात्र जवळजवळ सगळं वर्षायू, म्हणजे एकच वर्ष जगणारं गवत, त्यातही ॲरिस्टिडा नावाचं जास्त. चराईचा ताण वाढत गेला की आधी शेडा कमी होतो, मग कुसळी वाढते, आणि शेवटी ॲरिस्टिडा उरतं. हा क्रम पुस्तकात वाचला होता. इथे तो माथ्यापासून वेशीपर्यंत चालत गेलं की पायाखाली दिसतो.

दगडांच्या आडोशाला कंदीलपुष्पाचा वेल सापडला, सेरोपेजिया बल्बोसा. फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढं, खाली फुगीर, वर पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. खरी वनस्पती जमिनीखाली आहे, चपट्या कंदात. आठ महिने कोरड आणि अधूनमधून वणवा या दोन्हींतून तीच तिला वाचवते. कुदळ लावून खड्डा घेतला की हा कंद पहिल्यांदा जातो.

१६ जुलै
विभागात सेमिनार. दोन गोष्टी ठेवल्या.

पहिली, २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला जागतिक वृक्षलागवडीचा अंदाज. जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांचं आच्छादन वाढवता येईल, असा त्यातला दावा. जगभर बातम्या झाल्या. त्याच नियतकालिकात लगेच शास्त्रज्ञांच्या गटांनी हरकत घेतली : या आकड्यात सॅव्हाना (गवत आणि विरळ झाडांचे प्रदेश) आणि गवताळ प्रदेश धरलेत, तिथे झाडं लावणं म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे, आणि गवताळ जमिनीत आधीच साठलेला कार्बन हिशेबात नीट घेतलेला नाही. गवताचा बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात वरचं जळतं, खालचं राहतं.

दुसरी, अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातलं कर्टिस प्रेअरी. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या उद्यानात १९३० च्या दशकात नांगरलेल्या जुन्या शेतजमिनीवर गवताळ प्रदेश पुन्हा उभा करायचं काम सुरू झालं. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड त्या उभारणीत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी प्रयोगांतून दाखवलं की ठरावीक काळाने आग दिली नाही तर प्रेअरी टिकत नाही. नव्वद वर्षं होत आली, तरी ते काम चालूच आहे. एका विद्यापीठाने एका तुकड्यावर इतकी वर्षं लक्ष ठेवणं याचं मला फार मोल वाटतं. आमचे प्रकल्प दोन सत्रांत संपतात आणि पुढच्या बॅचला त्या जागेचं नावही माहीत नसतं. मॅडमना हे बोलले. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या प्रबंधात हस्तांतराचं प्रकरण घाल."

२५ जुलै
गावातून फोन. शहरातली एक वृक्षप्रेमी मंडळी 'अ' भागात खड्डे घ्यायला येणार आहेत, रोपं आणि टँकरसह. सरपंचांना नाही म्हणवत नाही, कारण माणसं भली आहेत आणि स्वतःच्या पैशाने येतात.

संध्याकाळी त्यांच्याशी तासभर बोलले. वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून चौकटींच्या नोंदी, कंदीलपुष्पाचा फोटो आणि 'ब' भागातल्या चरांचे फोटो पाठवले. झाडं लावायला गावात जागा नाही असं मुळीच नाही, हेही सांगितलं. ओढ्याचा काठ उघडा पडलाय, तिथे करंज आणि बाभूळ हवीच. शाळेच्या आवारात कडुनिंब, रस्त्याकडेला चिंच. ते ओढ्याला तयार झाले. रोपांची यादीही बदलली.

हे दर वेळी फोनवर सुटणार नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या परिसंस्थांच्या अभ्यासकांनी देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यात त्यांचं क्षेत्र सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर भरतं, आणि त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित आहे. उरलेल्यातला बराचसा सरकारी कागदांवर 'वेस्टलँड' म्हणून नोंदलेला आहे. एकदा तशी नोंद झाली की तिथे रोपं लावा, सौर पॅनेल लावा, काहीही करा, नुकसान झालं असं कुणी मानतच नाही.

६ ऑगस्ट
पाणी मुरण्याची चाचणी. दुहेरी रिंगचं यंत्र विभागात आहे, पण ते मुरमात ठोकताना वाकतं. म्हणून गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ काढला, कडा कानशीने घासली, दोन बोटं जमिनीत बसवला, एक लिटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं.

'अ' भागात शेड्याच्या ठोंबालगत पाणी बघता बघता आत गेलं. 'क' भागात खुरांनी दाबलेल्या जमिनीवर ते तसंच उभं राहिलं, गढूळ झालं, वर पापुद्रा धरला. 'ब' भागात चराच्या तळाशी बसलेल्या गाळाने भोकं बुजवलीत, तिथेही पाणी हळूच मुरतं. मग 'अ' भागात एका ठोंबाशेजारी माती सुरीने उभी कापून पाहिली. वीतभर मातीत मुळांचं जाळं इतकं दाट की माती त्यांतून सुटेना. मुरमाच्या भेगांतही मुळं उतरलेली.

चर वाईट असं सरसकट लिहिणार नाही. जिथे गवत पार गेलंय आणि उतारावरून माती वाहतेय, तिथे ते पाणी अडवतात. पण गवताचा ठोंब जिवंत असलेल्या उतारावर चर खोदणं म्हणजे पाणी मुरवणारी चांगली व्यवस्था उपटून तिच्या जागी कमी दर्जाची बसवणं. निष्कर्षाच्या प्रकरणात हे वाक्य असंच ठेवायचं आहे.

२४ ऑगस्ट
आज दिवसभर मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर. तीन कुटुंबं, दख्खनी मेंढ्या, थोड्या शेळ्या, दोन घोडी. वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून कोकरं आत ठेवलेली. मामी चुलीशी, मामा मेंढरांमागे. मी प्रश्नावली घेऊन गेले होते. दुसऱ्या प्रश्नानंतर ती पिशवीत ठेवली आणि नुसती ऐकत बसले.

त्यांचं वर्ष असं : पावसाळ्यात गावी, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, उन्हाळा सरता सरता परत. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. पावसाळ्यात सगळी रानं पेरलेली असतात, तेव्हा मेंढरांना गायरानाखेरीज जागाच नसते. मी मनाशी पावसाळाभर पूर्ण चराईबंदी धरून चालले होते, कारण बहुतेक अहवालांत तेच लिहिलेलं असतं. मामा शांतपणे म्हणाले, "ताई, चार महिनं समदं बंद केलं तर आमी मेंढरं कुठं न्यायाची? आन् मेंढरं न्हाई फिरली तर कुसळी किती माजंल बगा की."

मग त्यांनी कुसळीचं गणित सांगितलं. ती कोवळी असताना मेंढरं आवडीने खातात. गौरी-गणपतीनंतर तिला कुसळं धरली की ती लोकरीत शिरतात, कातडीत रुततात, कोकराच्या डोळ्यात जातात. म्हणून कुसळीची पट्टी आधी चारून घ्यायची आणि कुसळं पिकायच्या वेळी कळप शेड्याच्या बाजूला वळवायचा, पण तिथेही एका जागी दोन दिवसांवर थांबायचं नाही. पूर्वी माथ्याचा एक तुकडा गाव राखायचं, दसऱ्यापर्यंत कुणी जनावर घालायचं नाही, मग गवत कापून वाटून घ्यायचं. राखणदाराला गावकीकडून धान्य मिळे. चराची कामं आली तेव्हापासून ते मोडलं.

घरी येऊन चराई व्यवस्थापनाची टिपणं पुन्हा काढली. आलटून पालटून एकेक भाग बी धरेपर्यंत राखायचा, बाकीच्यावर चराई चालू ठेवायची, या पद्धतीवर आम्ही अख्खा एक घटक शिकलो. गावाने ती चालवलेली होती. माझा आराखडा आता याच पायावर : गायरानाचे चार तुकडे, दर वर्षी एकच तुकडा जून ते दिवाळी बंद, तोही दरवर्षी वेगळा. बंद तुकड्यातलं गवत बी झडल्यावर विळ्याने कापायचं, बुंधा चार बोटं ठेवून.

मामीने निघताना एक प्रश्न केला : तुमचा अभ्यास झाल्यावर हा कागद कुणाकडं राहणार? उत्तर म्हणून प्रबंधाचा सारांश मराठीत लिहून ग्रामपंचायतीत आणि वाड्यावर द्यायचा, हे ठरवलं.

७ सप्टेंबर
सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात संदर्भ-परिसंस्था, म्हणजे पुनरुज्जीवनासाठी नमुना धरायची जागा, म्हणून पाहणी. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा दिसले, धाविक पक्षीही. एवढ्याशा जागेत चिंकारे टिकतात ते आजूबाजूच्या गायरानांमुळे आणि पडीक रानांमुळे. कुंपण पाहून जनावरं चरत नाहीत.

१४ सप्टेंबर
संदर्भ-परिसंस्थेचं प्रकरण लिहायला घेतलं. समितीच्या सरांचा जूनमधला प्रश्न इथे सोडवायचा आहे : इथे आधी जंगल नव्हतं कशावरून? यंदाच प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा मोठा आधार मिळाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मराठी ओव्या, कथा, संतवाङ्मय यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा साडेसातशे वर्षांपूर्वीही काटेरी झाडांचा आणि गवताचा होता, हे त्यातून दिसतं. बाभूळ, तरवड, हिवर ही त्या वाङ्मयातली ओळखीची मंडळी. आपल्याकडे माळाचा इतिहास ओव्यांत जपला गेला, याचा मला मनापासून अभिमान वाटला. गावातल्या दोन आजींकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायची परवानगी घेतली.

५ ऑक्टोबर
ग्रामपंचायतीच्या ठरावानंतर 'ब' भागातल्या एका छोट्या पट्ट्यातच उंदीरमारी काढली. अर्ध्यात नुसती तोडली, अर्ध्यात मुळासकट उपटली. तोडलेल्या खुंटांना लगेच धुमारे आले. उपटलेल्या ठिकाणी माती उघडी पडली, तिथे कापलेलं गवत पसरून झाकलं. पूर्ण पट्टा एकदम साफ करायचा नाही, असा निर्णय घेतलाय. कच्छच्या बन्नीमध्ये १९६१ मध्ये लावलेली वेडी बाभूळ आज कुरणभर पसरली आहे, आणि ती काढलेल्या जागी गवत धरण्याआधी पुन्हा तीच येते, हा अनुभव समोर आहे. जेवढं राखता येईल तेवढंच काढायचं. लाकूड गावातल्या दोन गरजू घरांना गेलं.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. वाडे हलले. आजपासून बी गोळा करायचं काम. शेड्याचं बी हाताने ओरबाडून कापडी पिशवीत, मारवेलचं वेगळं. कुसळीचं सगळ्यात अवघड, कारण कुसळं एकमेकांत गुंततात आणि त्यांचा दोरखंड होतो.

एक कुसळ सोडवून ओल्या तळहातावर ठेवलं. बियाच्या टोकाला सुईसारखी अणी, अणीवर मागे वळलेली तांबूस लव. शेपटीसारखी लांब कुसळ दोन ठिकाणी कोपरात वाकलेली आणि पिळलेली. ओल लागताच पीळ सुटायला लागला, शेपूट सावकाश गोल फिरली आणि अणी कातडीत टोचली. वाळलं की पुन्हा पिळतं. दंव आणि ऊन यांच्या आळीपाळीने बी स्वतःला मातीत असं भोकसून घेतं, आणि मागे वळलेल्या लवेमुळे ते पुन्हा बाहेर येत नाही. पेरणीसाठी नांगर लागत नाही, भेगाळलेली, मोकळी माती लागते. 'क' भागातली दाबलेली जमीन दाताळ्याने खरवडायची, ती याचसाठी.

२३ नोव्हेंबर
संध्याकाळी 'अ' भागात भोवत्या पक्षी उतरताना पाहिले. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे हे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर झोपतात. एका कोपऱ्यात गवत कमरेला लागतंय, तिथेच ते उतरले. कापणी त्या कोपऱ्यात फेब्रुवारीपर्यंत थांबवली. बाकीच्या भागात ठरल्याप्रमाणे चालू.

पायवाटेवर लांडग्याची विष्ठा, त्यात केस. नमुना घेतला नाही, फक्त फोटो आणि जागा नोंदवली. ही जागा प्रबंधात छापणार नाही.

११ जानेवारी २०२६
उगवणीच्या ट्रे. ताजं बी लावून पाहिलं, अपेक्षेप्रमाणे कुसळीचं जवळजवळ काही उगवलं नाही. हे बी खराब नाही. कुसळीच्या बियाला झडल्यानंतर सहा ते बारा महिने सुप्तावस्था असते, एक उन्हाळा कोरड्यात काढल्यावर ते जागं होतं. बाजारातल्या रोपासारखं आज आणून उद्या लावता येत नाही. बी कापडी पिशव्यांत, उंदरांपासून लांब, गावातल्याच एका घराच्या माळ्यावर टांगून ठेवलंय. कोल्ड स्टोअरेज मुद्दाम टाळलं, उन्हाळ्याची धग त्याला मिळायला हवी.

हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ जमिनी आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. विभागातल्या भित्तिपत्रकावर मामांच्या कळपाचा फोटो लावला, त्यांना विचारून.

२६ जानेवारी
ग्रामसभा. आराखडा मराठीत, एका पानावर, नकाशासह वाटला. मेंढपाळ कुटुंबं बाहेरगावी, म्हणून मामा फोनच्या स्पीकरवर. चर्चा लांबली ती राखणदाराच्या पगारावर. ग्रामनिधीतून द्यायचा की गवत घेणाऱ्या घरांनी वर्गणी काढायची? दुसरा पर्याय ठरला. दुसरी हरकत तरुणांची होती, गायरान मोकळं ठेवलं तर उद्या ते कुठल्या तरी प्रकल्पाला जाईल. भीती खरी आहे. जागेचा वापर चालू आहे हे कागदावर दिसावं म्हणून राखीव कुरणाचा ठराव, तुकड्यांचा नकाशा आणि मेंढपाळांच्या चराईची नोंद तिन्ही इतिवृत्तात घालून घेतलं. चार तुकड्यांचा ठराव एका वर्षासाठी मंजूर. एकच वर्ष, पण मंजूर.

८ मार्च
प्रबंधाचा मसुदा मॅडमकडे गेला. हस्तांतराच्या प्रकरणातला भाग, पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्यासाठी :

चौकटींच्या कोपऱ्यांवर रंगवलेले दगड आहेत, खुंट्या नाहीत. लोखंडी खुंट्या चोरीला जातात आणि मेंढरांच्या पायाला लागतात. पहिली मोजणी दमदार पावसानंतर पंधरा दिवसांनी, दुसरी दसऱ्याच्या आसपास. यंदा बंद राहणारा तुकडा ओढ्याकडचा. बी जूनच्या पहिल्या पावसाआधी 'क' भागात टाकायचं, आधी जमीन दाताळ्याने खरवडून, एक बोटापेक्षा खोल नाही. 'ब' भागातले उंदीरमारीचे धुमारे हाताने मोडायचे, दर महिन्याला, पावसाळाभर. एप्रिल-मेमध्ये उघड्या जमिनीवर चालताना खाली बघून चालायचं, टिटवी आणि धाविक तिथेच अंडी घालतात.

वाड्यावर जाताना सकाळी आठच्या आत जायचं, नंतर कळप लांब जातो. प्रश्नावली नेली तरी चालेल. मराठी सारांशाच्या दोन प्रती सोबत न्यायच्या, एक मामींसाठी.